खिडकीखालचे कंद

२२ एप्रिल, मंगळवार

शेजाऱ्यांच्या तिन्ही टपालपेट्यांतून पिवळ्या कागदाची टोकं बाहेर आलेली. माझ्या पेटीत सुपरमार्केटच्या जाहिरातींचा गठ्ठा. बाकी काही नाही. गठ्ठा न बघताच शेगडीत घातला.

दुसऱ्याच्या पेटीत डोकावू नये. डोकावले. क्लॅरीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत — ‘शनिवारी सकाळी दहा वाजता. सगळ्यांनी मिळून अंगणात फुलांचे कंद लावू या. फावडं असेल तर आणा.’ खाली लुपेचं नाव आणि एक वेडंवाकडं फूल.

सगळ्यांनी! या अंगणाभोवती घरं चार. पहिलं लुपेचं, दुसरं क्लॅरीचं, तिसरं त्या टियानीचं. चौथं माझं, कचऱ्याच्या डब्यांशेजारचं.

२४ एप्रिल, गुरुवार

आज कोणाशी बोलले नाही. दुकानातल्या मुलीला ‘पिशवी नको’ म्हटलं, ते धरलं तर दोन शब्द.

२५ एप्रिल, शुक्रवार

अँझॅकची सुट्टी, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाची. क्लॅरी वडलांची पदकं कोटावर लावून पहाटेच स्मारकापाशी गेला. पूर्वी आई आणि मी जायचो. आई जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून मी गेलेले नाही. एकटीने गर्दीत उभं राहायचं म्हणजे सगळ्यांना दाखवायचंच की — बघा, ही एकटी!

दुपारी लुपेने गाडीतून चार पोती उतरवली. ती गोर गावातल्या वृद्धाश्रमात काम करते. तिथल्या कुणा म्हाताऱ्याच्या शेतातले कंद म्हणे, नांगरून टाकायचे होते, ते हिने मागून आणले. क्लॅरी पोती मोजत होता आणि ओरडत होता, “अगं लुपे, गावाला पुरतील एवढे आणलेस! मी आयुष्यभर मेंढ्या कातरल्या, आता काय म्हातारपणी माळी व्हायचं?” लुपे हसत होती. टियानी पायरीवर बसून आपल्या कुत्र्याला कुरवाळत होती. पोरीचं पोट आता दिसायला लागलंय. पोराचा बाप क्वीन्सलँडला खाणीत गेला तो गेलाच. हे सगळं मला भिंतीतून कळतं. भिंती पातळ आहेत.

मी पडद्यामागे उभी होते. चहा गार झाला.

२६ एप्रिल, शनिवार

साडेनऊलाच घरातून निघाले. ते खणत असताना मी आत बसलेली दिसायला नको. डब्यात दोन चीज रोल घेतले, नदीवर पुलाजवळच्या बाकावर जाऊन बसले. चारपर्यंत! हिवाळा तोंडावर आलाय, वारा असा की कान बधिर.

परत आले तर सगळे अंगणात. चहाचे कप, मातीचे हात. क्लॅरी म्हणाला, “काय गं नोलीन, कुठे उंडारत होतीस दिवसभर? काम संपल्यावर बरी उगवलीस!” सगळे हसले. लुपे उठून माझ्याकडे यायला लागली, पण मी थांबले नाही. सरळ दारात, आत, कडी.

मग स्वयंपाकघरातून बघितलं — माझ्या खिडकीखाली काळ्या मातीचा पट्टा. उकरलेला, सारखा केलेला. माझ्या खिडकीखाली! विचारलं नाही, सांगितलं नाही. बोलवायला मी नको, पण जागा माझी चालते.

२७ एप्रिल, रविवार

केलं. लिहूनच टाकते.

लुपे आणि तिचा नवरा चर्चला. क्लॅरी बहिणीकडे जेवायला. टियानीचे पडदे बंद. सकाळचे अकरा, लख्ख ऊन. आईचं छोटं खुरपं घेतलं आणि तो पट्टा एका टोकापासून उकरला. एकेचाळीस कंद. बादलीत घालून वॉशिंग मशीनच्या मागे ठेवले. माती पायाने ढकलली, नीट सारखीसुद्धा केली नाही. दिसू दे!

 खोटं कशाला लिहू — अर्धा तास फार बरं वाटलं.

२८ एप्रिल, सोमवार

देवा.

सकाळी दारावर टकटक. माझ्या दारावर! लुपे, हातात ताट, त्यात तिच्याकडचे तळलेले गोड गोळे, केके, अजून गरम. म्हणाली, “नोलीन, शनिवारी तुमची फार वाट बघितली. बारापर्यंत थांबलो. तीनदा दार वाजवलं.”

मी म्हटलं, “मला कुठे बोलावलं होतं?”

“अहो, कागद टाकला होता ना! तुमची पेटी वाऱ्याच्या तोंडाशी, उडून जाईल म्हणून जाहिरातींच्या आत खोचला होता.”

मला शेगडी आठवली.

ती पुढे बोलतच होती. “क्लॅरी म्हणाला, तुमच्या आईच्या शेतावर फाटकापाशी डॅफोडिल असायचे. म्हणून सगळ्यांत आधी फुलणारे निवडून तुमच्या खिडकीखाली लावले. टियानीने एकेक निवडला बरं का, पोट सांभाळत. सिंकपाशी उभं राहिलात की समोर दिसतील. ते तुमचे.”

ताट माझ्या हातात होतं. मी ताटाकडेच बघत होते. तिला वाटलं मला आवडलं. “या, दाखवते,” म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

मग तिचं ओरडणं ऐकलं. क्लॅरी धावत आला. टियानीसुद्धा, तिच्यामागे तिचा कुत्रा स्पड शेपटी हलवत. क्लॅरी वाकून बघतो काय, बोट दाखवतो काय — “हे बघा! कुत्र्याचं काम! दुसरं कोण उकरणार?” टियानी म्हणाली, “स्पड असं करत नाही.” “करत नाही! मग कंद काय चालत गेले?” कुत्रा बिचारा मातीत नाक घालून हुंगायला लागला. झालं. तेवढा पुरावा पुरला.

मी दारात उभी. हातात ताट. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. 

केके तसेच आहेत. 

१ मे, गुरुवार

ही घरं भाड्याने देणाऱ्या ट्रस्टचा माणूस पन्हळ बघायला आला होता. क्लॅरीने त्याला कुत्र्याचं सांगितलं. वाईट हेतूने नाही, असंच, बोलण्याच्या ओघात. पण त्या माणसाने वही काढली. कुत्रा ठेवायची परवानगी ‘सामाईक जागेचं नुकसान होणार नाही’ या अटीवर आहे म्हणे. दोन आठवड्यांत कुत्रा हलवा.

क्लॅरीचं तोंड उतरलं. “अरे, मी नुसतं आपलं सांगितलं,” म्हणाला. माणूस गाडीत बसून गेलासुद्धा.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. अंगणाच्या या टोकाला होते मी, दहा पावलांवर.

५ मे, सोमवार

बादलीतले कंद पाहिले. अजून टणक आहेत. एकाला हिरवट टोक आलंय. ह्यांना काय माहीत आपण कुठे आहोत.

८ मे, गुरुवार

दुकानाच्या फळ्यावर टियानीच्या अक्षरात चिठ्ठी — ‘गुणी कुत्रा. चार वर्षांचा. लहान मुलांत राहिलेला. चांगलं घर हवं.’ फोटोत स्पडचा एक कान उभा, एक पडलेला.

घरी आले. भिंतीपलीकडे ती त्याच्याशी बोलत होती. “तुला तिथे मोठं शेत मिळेल. मेंढ्या असतील. तू मला विसरशील, चालेल.”  मग नाक ओढल्याचा आवाज.

मी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले होते. पासष्ट वर्षांची बाई! उठताना गुडघे धरले.

उद्या सांगणार. लिहिलंय, आता मागे फिरता येणार नाही.

९ मे, शुक्रवार

सांगितलं.

सकाळी बादली घेतली आणि आधी टियानीचं दार वाजवलं. तिचाच अपराध केला, तिलाच आधी. तिने दार उघडलं, बादलीत बघितलं, काही कळलं नाही तिला. मी पाठ केलेलं वाक्य विसरले. म्हटलं, “कुत्र्याने नाही. मी उकरले.”

“काय?”

“मला वाटलं मला बोलावलं नाही. राग आला. रविवारी अंगणात कोणी नव्हतं. मी उकरले. सगळे इथे आहेत, एकेचाळीस.”

तिने बादलीवरून नजर माझ्याकडे वळवली. काळेभोर डोळे, झोप न झालेले. मग हळू आवाजात म्हणाली, “मी त्याला मारलं. तुम्हाला माहितीये? त्या दिवशी घरात नेऊन मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. त्याला कळलंच नाही कशासाठी.”

मी म्हटलं, “माझं चुकलं.”

“अकरा दिवस! अकरा दिवस तुम्ही भिंतीपलीकडे होता.”

दार लागलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

तोवर क्लॅरी आणि लुपे बाहेर आले होते. क्लॅरी म्हणाला, “तू? अगं, तू?” मग टोपी काढली, परत घातली. “आणि मी त्या मुक्या जनावरावर घातलं. च्यायला. मला तरी कुठे तोंड आहे!” तो घरात गेला आणि ट्रस्टला फोन लावला. दारातून ऐकू येत होतं. “हो हो, कुत्रा नव्हे, बाई! ...नाही, बाईला हलवायचं नाही!” मग त्याने मला हाक मारून फोन हातात दिला. त्या माणसाला मी माझ्या तोंडाने सगळं सांगितलं. कुत्रा राहणार.

लुपे अंगणात तशीच उभी. मी बादली पुढे केली, म्हटलं, “दाखवशील का परत कसे लावायचे?”

तिने एक कंद उचलला, बोटाने दाबून पाहिला. “चांगले आहेत,” म्हणाली. “टोक वर. वीतभर खोल. पुढच्या आठवड्यात जमीन गोठेल, त्याआधी लावा.” आणि कंद परत बादलीत ठेवला. “मी नाही लावणार तुमच्याबरोबर, नोलीन. आम्ही एकदा लावले होते.”

बरोबरच आहे तिचं.

१० मे, शनिवार

एकटीने लावले. तीन तास. पाठ गेली. खिडक्यांतून कोणी बघत होतं का माहीत नाही. मान वर केली नाही.

२ जून, सोमवार

पंधरा दिवस दहिवर पडतंय. आज तर राजाच्या वाढदिवसाची सुट्टी, अंगणात चिटपाखरू नाही. लुपे भेटली की ‘गुड मॉर्निंग’ म्हणते. तेवढंच. टियानी मला बघितलं की कुत्र्याची दोरी आखूड धरते, जणू मी चावेन.

पूर्वी कोणी बोलत नसे तेव्हा मला वाटायचं, लोक वाईट आहेत. ते सोपं होतं.

११ जून, बुधवार

आज एक शब्दही नाही. शून्य.

२० जून, शुक्रवार

मातारिकीची सुट्टी, माओरी नववर्षाची. टियानीकडे माणसं आली होती, तिचे मामा-मावशी असावेत, गाणं चाललं होतं. भिंतीतून शब्द कळत नव्हते. ताल कळत होता. मी रेडिओ लावला नाही.

भाऊ ग्रेअमला ब्रिस्बेनला फोन केला. म्हणाला, “नोलीन? काय झालं? कोण गेलं?” म्हटलं कोणी नाही, असाच केला. म्हणाला, “बरं. जरा घाईत आहे.”

९ जुलै, बुधवार

दारात फोडलेल्या लाकडांचा ढीग. क्लॅरी कुऱ्हाड खांद्यावर टाकून चाललेला. म्हटलं, “क्लॅरी, हे कशाला?”

“तुझ्या धुराड्यातून तीन दिवस धूर नाही. गारठून मेलीस तर पंचाईत. तुझ्या जागी आणखी कोण चक्रम येईल कोणास ठाऊक!”

हसले मी. आवाज ओळखीचा वाटला नाही.

जाताना मागे न बघता म्हणाला, “मी नसतं सांगितलं हां, नोलीन. मी असतो तर बादली नदीत ओतली असती आणि गप्प बसलो असतो. सांगितलंस खरं.”

२ ऑगस्ट, शनिवार

कोंब आलेत. मोजले — छत्तीस. पाच गेले.

२३ ऑगस्ट, शनिवार

सगळ्या अंगणात फक्त माझ्या खिडकीखाली पिवळं! बाकीचे अजून पंधरा दिवस घेतील. लुपेने सांगितलं होतं तसंच — सगळ्यांत आधीचे.

मला सिंकपाशी उभं राहवेना. सगळ्यांच्या मेहनतीचं, आणि मला एकटीला समोर. दहा फुलं कापली. तीन लुपेच्या दारात ठेवली, तीन क्लॅरीच्या, चार टियानीच्या. वाजवलं नाही, नुसती ठेवली.

दुपारी लुपे आली. फुलं हातात तशीच. म्हणाली, “नोलीन, चहा आहे का?” आठ महिन्यांपासून शेजारी राहतेय, पहिल्यांदा माझ्या घरात आली. खुर्चीवरचे कपडे उचलताना माझी कोण धांदल! तिने आईचा फोटो बघितला. तोंगामध्ये तिची आई एकटीच असते म्हणाली. “ती पण अशीच आहे. रागावली की जेवत नाही आणि मग सगळ्यांना सांगते, मला कोणी वाढलं नाही.” दोघी हसलो. तासभर बसली.

टियानीच्या दारातली फुलं संध्याकाळपर्यंत तिथेच होती. सकाळपर्यंत सुकतील.

२४ ऑगस्ट, रविवार

तिथे नाहीत. फेकली की घेतली, कळत नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

टियानी आली होती. स्वतःहून. पोट आता एवढं की दारात तिरकी होऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

“दवाखान्यात माझ्याबरोबर कोणीतरी हवंय,” म्हणाली. “तारीख दहाची आहे. आई आणि माझं वर्षभर बोलणं नाही. लुपे आंटीला सुट्टी मिळत नाही.”

मला वाटलं निरोप सांगायचाय, क्लॅरीला विचार वगैरे. म्हटलं, “मग?”

“मग तुम्ही याल का?”

मला ऐकू आलं ते खरं वाटेना. “मी? माझ्याशी तर तू बोलतही नाहीस.”

“अजून राग आहेच,” ती म्हणाली. “पण बाकी सगळे मला म्हणतात, सगळं छान होईल, काळजी करू नकोस. त्यांना काय माहीत! तुम्ही तसं म्हणणार नाही. तुम्हाला खोटं पचत नाही. अकरा दिवसही पचलं नाही.”

“मला मूलबाळ नाही, टियानी. मला त्यातलं काही येत नाही.”

“मला तरी कुठे येतंय?”

आणि मी — मी नाही म्हणाले. हो, नाही! म्हटलं, माझ्याने होणार नाही, रक्त बघवत नाही, काही चुकलं तर? तू दुसरं कोणीतरी बघ. तिने मान हलवली, “बरं,” म्हणाली, आणि कुत्र्याला घेऊन गेली.

चार महिने ज्या दारावरच्या टकटकीची वाट बघितली, ती झाली, आणि मी आतून कडी घातली. ह्या खेपेला जाहिरातींच्या गठ्ठ्याचंही निमित्त नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

तिच्या दारापर्यंत गेले. परत आले. दोनदा.

तिसऱ्यांदा गेले तर घरात कोणी नव्हतं, नुसता स्पड भुंकला.

४ सप्टेंबर, गुरुवार

आता अंगणभर फुलं. लुपेने सगळ्यांना बाहेर चहाला बोलावलं होतं. मी गेले, आपणहून, आपला कप घेऊन. टियानी आली नाही, कंबर दुखते म्हणाली. क्लॅरी म्हणाला, “बघ नोलीन, माळी झालो की नाही!” मी हो हो म्हणत होते आणि लक्ष सगळं तिसऱ्या दाराकडे.

५ सप्टेंबर, शुक्रवार

इन्व्हरकार्गिल, दवाखाना. वही घरीच राहिली, दुसऱ्याच कागदावर लिहितेय. पाच दिवस आधीच कळा सुरू झाल्या. सकाळी क्लॅरी गाडी काढत होता, टियानी त्याच्या खांद्याला धरून उभी. काही विचारलं नाही, मागचं दार उघडून तिला बसवलं आणि शेजारी बसले.  वाटेत तिने माझा हात धरला तो सोडलाच नाही.

दुपारी दोन वाजून वीस मिनिटं. मुलगी.

नर्स नोंदवही घेऊन आली, म्हणाली, “तुम्ही कोण यांच्या?” मी ‘शेजारीण’ म्हणायला तोंड उघडलं.

टियानी डोळे न उघडता म्हणाली, “आंटी आहे माझी. लिहा.”